आगळाचा प्याला आणि माझी सौम्यता

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. एकानेही नाही! नवऱ्यानेसुद्धा "असेल गो, चुकून झालं असेल" असंच म्हटलं. त्या "असेल गो"चा राग माझ्या मनात अजून आहे. काय झालं ते शेवटी सांगते, कारण मधले किस्से सांगितल्याशिवाय ते कळायचं नाही.

रत्नागिरीतली आमची ख्रिस्ती मंडळी लहान. रविवारी उपासनेला बाकं अर्धीच भरायची. पोरं पुण्या-मुंबईला गेल्यापासून तीही भरत नाहीत. पण माणसं थोडी असली म्हणून किस्से थोडे नसतात. मासे साफ केले की हात कितीही धुवा, एखादा खवला कोपराला चिकटलेला सापडतोच. तसं आहे हे. एक काढायला गेलं की चार निघतात.

* * *

आमच्या महिला मंडळाची एक पद्धत आहे. जानेवारीच्या पहिल्या रविवारी सुमतीमावशी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा फिरवायच्या. आत चिठ्ठ्या. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, अशी बायबलातली आत्म्याची फळं. जिला जे फळ येईल ते तिने वर्षभर स्वतःत पिकवायचं.

मावशी म्हणजे मंडळीतली सगळ्यात जुनी, सगळ्यात मऊ बाई. एकट्या राहायच्या. त्यांनी आवाज चढवलेला कुणी ऐकला नव्हता. मी म्हणजे एस्तेर, शाळा चौथीपर्यंत आणि तोंड भाल्यासारखं.

मला चिठ्ठी आली सौम्यतेची!

बाया पदरात तोंड घालून हसल्या. घरी नवऱ्याला, योहानला दाखवली. तो म्हणाला, "वर्षभर? आधी संध्याकाळपर्यंत टिकव."

दुसऱ्या दिवशी मिरकरवाड्याला मासे आणायला गेले. बांगडे शिळे होते. एरवी मी टोपलीच पालथी केली असती. त्या दिवशी म्हटलं, "बाई, बांगडे जरा दमलेले दिसतायत. तुमचा दोष नाही हो."

कोळीण माझ्याकडे बघतच राहिली. मग शेजारणीला म्हणाली, "हिला घरी पोचव गो. बाय आजारी हाय!"

* * *

त्याच वर्षी मंडळातल्या राहेलला आनंद आला. राहेल बालवाडीत शिकवते. चिठ्ठी आली त्याच आठवड्यात तिची सासू संगमेश्वरहून कायमची राहायला आली.

राहेल जिद्दीची. सकाळी उठल्यापासून हसायची. चहा देताना हसायची, बोलणी खाताना हसायची. पंधरा दिवसांनी सासूने मुलाला बाजूला घेतलं. "अरे, ही माझ्याकडे बघून सारखी हसते. खरं सांग, डॉक्टरने माझ्याबद्दल काय सांगितलंय?"

पुढे त्या दोघींचं इतकं जमलं की सासू गेली तेव्हा राहेल आठवडाभर जेवली नाही. चिठ्ठीमुळे का सासूमुळे, ते मी सांगू शकत नाही. पण आधी चेहरा हसला आणि मन मागून आलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

* * *

आमचे दानियल पंच. मंडळीचा कारभार तेच बघतात. माणूस सरळ, पण प्रार्थना लांब! नाताळच्या जेवणाला त्यांनी आशीर्वाद मागायला घेतला. आफ्रिकेतल्या उपाशी लोकांपासून सुरुवात केली. तिथून ते दिल्लीला आले, दिल्लीहून मुंबईला. आम्ही सगळे डोळे मिटून. भात गार झाला. पंच अजून चिपळूणलाच!

शेवटी "जे ताटात वाढलं आहेस त्याबद्दल आभार" म्हणून त्यांनी डोळे उघडले. त्यांच्या ताटातली सुरमई गायब! मांजर खिडकीत बसून मिशा चाटतंय.

मावशी हळूच म्हणाल्या, "दानियल, मांजरीने आमेन आधी म्हटलं रे."

* * *

पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, नगरकडचे. बदली होऊन आले तेव्हा त्यांना माशाचा काटा कसा काढायचा तेही ठाऊक नव्हतं. जेवायला भाकरीच लागायची, तीही ज्वारीची.

पहिल्याच मे महिन्यात पावस गावच्या एका बागवाल्या कुटुंबाने हापूसची पहिली पेटी वेदीपुढे आणून ठेवली. आमच्याकडे पहिलं पीक देवापुढे आणायची रीत आहे. त्या दिवशी उपदेश नेमका मोहावर. आदाम, हव्वा, ते फळ. उकाडा असा, की वासाने सगळं चर्च भरून गेलं. पाळकसाहेब बोलताबोलता अडखळले. पेटीकडे बघितलं. पुन्हा बोलू लागले, पुन्हा अडखळले.

मग पुस्तक मिटून म्हणाले, "बंधू-भगिनींनो, इतकी वर्षं मी हव्वेला फार बोललो. आज माघार घेतो."

तेव्हापासून तो माणूस आमचा झाला.

* * *

आता माझं.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, प्रभूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि रसाचा छोटा प्याला. त्याचा रस करायचं काम माझ्याकडे होतं. आधी माझ्या सासूकडे, मग माझ्याकडे. शनिवारी काळ्या मनुका भिजवायच्या, उकळायच्या, फडक्यातून गाळायच्या, बाटली भरायची. मला गाता येत नाही, धडपणे वाचता येत नाही. देवाच्या घरात माझ्या हातचं एवढं एकच होतं. ते करताना मी कुणाशी भांडत नसे. योहान म्हणायचा, "आठवड्यातून एकदा तरी मनुका आणत जा!"

सौम्यतेच्या वर्षीच एका पहिल्या रविवारी उपासनेनंतर सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. सोलकढी मावशींकडे. त्या घरून आगळाची बाटली घेऊन आल्या. आगळ म्हणजे कोकमाचा खारवलेला रस. रंग मनुकांच्या रसासारखाच, काळपट लाल. चव? नुसतं प्यायलं तर डोळे पांढरे होतात.

मागच्या खोलीत दोन बाटल्या. मी मांडवात पानं पुसत होते. मला मदत म्हणून मावशींनी प्याले भरले आणि वर पांढरं फडकं घातलं. प्रभुभोजनाआधी मावशी पाण्याचा थेंब घेत नसत, मग चव कुठली बघणार! डोळ्यांत मोतीबिंदू.

पाळकसाहेबांनी प्याला उचलला. आम्ही सगळ्यांनी आपापला एकदम तोंडाला लावला.

आगळ!

थुंकायचं कुठे? प्रभूचा प्याला तो! सगळ्यांनी गिळला. पाळकसाहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. त्यांना वाटलं, एकत्र जेवणाच्या दिवशी कोकणात असाच करत असतील. मागच्या बाकांना वाटलं, आज आत्मा उतरला! दोन बाया तर त्यांच्याबरोबर रडू लागल्या.

* * *

जेवणानंतर पंचांनी विचारलं. मावशी खरं तेच बोलल्या, "प्याले मी भरले. पण एस्तेरच्याच बाटलीतून. माझी चुलीकडे होती."

मी म्हटलं, "मी मनुकांचाच रस आणला."

"घरून चुकून आगळाची उचलली असशील," पंच म्हणाले.

"मग आजची सोलकढी गोड कशी झाली?"

"साखर जास्त पडली असेल."

सोलकढीत साखर! कोकणात जन्मलेला माणूस हे बोलला! मी तोंड उघडलं. समोर मावशी. मला चिठ्ठी आठवली आणि मी तोंड मिटलं. आयुष्यात गिळलेल्या गोष्टींत तो प्याला सोपा होता, ते शब्द अवघड होते.

बाया म्हणाल्या, "गप्प बसली, म्हणजे हिचंच!"

रसाचं काम माझ्याकडून काढलं आणि मावशींना दिलं. वर मावशींनी बायांच्या सभेत माझ्यासाठी प्रार्थना केली, मनापासून. पुढल्या प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी मी मनुका आणल्याच नाहीत. संध्याकाळी हातांना काय करावं सुचेना.

* * *

पुढल्या जानेवारीत डबा फिरला. मावशींना प्रीती आली. मला परत सौम्यताच! "अजून पिकलेली नाही," राहेल म्हणाली.

त्यानंतर मावशींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. आठवड्याने त्या माझ्या दारात. हातात बाटली.

"एस्तेर, मांडणीच्या मागे होती गो. त्या दिवशीची, कढी करून उरलेली. वास घे."

मनुकांचा रस. फसफसलेला.

मी बूच लावलं. त्या म्हणाल्या, "बोल गो मला. चार शब्द तरी बोल!" मी चहा टाकला. दोघी रडलो, पण चहा झाल्यावर.

रविवारी साक्षीच्या, म्हणजे आपला अनुभव सगळ्यांना सांगायच्या वेळी मावशी उभ्या राहिल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "बाटल्या माझ्याकडून बदलल्या. एस्तेर निर्दोष आहे."

 मग दानियल पंच डोळे पुसत उठले. "बघा! ह्यांची यंदाची चिठ्ठी प्रीतीची! दुसऱ्याचा दोष कसा अंगावर घेतला! शिका काहीतरी!"

शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून.

मावशी म्हणत राहिल्या, "अरे, खरंच मी केलं!" त्या जितकं सांगत, तितके लोक हात जोडत. घरी जाताना त्या पायरीवर बसल्या. इतकी वर्षं चांगलं वागून बाईची पंचाईत झाली होती!

* * *

रसाचं काम अजून मावशींकडेच होतं. पुढल्या प्रभुभोजनाच्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "एस्तेर, लेकीकडे गुहागरला जा. शुक्रवारीच जा."

"रविवारी प्रभुभोजन आहे, मावशी."

"एक महिना चुकलं तर प्रभू हजेरी मांडत नाही. आणि जाताना दानियलला सांगून जा. राहेललाही सांग. सगळ्यांना सांग."

मी गेले.

रविवारी दुपारी लेकीच्या वाडीत सुपाऱ्या वाळत घालत होते. फोन वाजला. दानियल पंच. आवाज बसलेला.

"एस्तेर, कुठे आहेस तू?"

"गुहागरला. तुम्हाला सांगूनच आले."

"सकाळी इथे... आली नव्हतीस ना?"

"नाही. का हो?"

"आज परत आगळ." त्यांना ठसका लागला. "या वेळी दाट."

"पाळकसाहेब?"

"विहिरीवर आहेत."

"आणि मावशी?"

"पहिल्या बाकावर. अख्खा प्याला प्यायली. ओठ पुसले. मग मागे वळली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत बसली. अजून तशीच बसलीय."

मी सुपारीची टोपली खाली ठेवली. जितक्या सौम्यपणे विचारता येईल तितक्या सौम्यपणे विचारलं, "मग पंच, या वेळी दोष कुणाचा?"

फोनमधून सगळी मंडळी कुजबुजताना ऐकू येत होती.  पंचांनी घसा साफ केला, आणि वेदीपुढे उभं असल्यासारखं एकेक अक्षर म्हटलं,

"सुमतीमावशी."