निमगावची मोटार

त्या रविवारची आठवण निघाली की आजही मला एका जागी बसवत नाही. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी.

कोऱ्हाळे बुद्रुकला भर सकाळी, मालक लग्नाला गेलेला असताना, विहिरीवरची पाणबुडी मोटार चोरीला गेली. खबऱ्यानं पिंपळीकडच्या एका जुन्या मोटारचोराचं नाव दिलं. "साहेब, गडी दारू सोडून येशूच्या प्रार्थनेला लागलाय म्हणं. सोंग हाय सगळं." मलाही तेच वाटलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे आमच्या खात्यात पहिल्या वर्षीच शिकतात.

त्याला ठाण्यात आणलं. दोन तास उलटसुलट विचारलं. त्याचं एकच, "सकाळपासनं प्रार्थनेला हुतो." मग मी स्वतः खात्री करायला गेलो. पत्र्याची शेड, सतरंज्या, वीस-पंचवीस माणसं. प्रार्थना चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "आजचा भात त्यानंच शिजवलाय. मी समोरच होते." त्याची बायकोही तिथं होती, चार महिन्यांपूर्वी माहेराहून परतलेली. तिनं एवढंच विचारलं, "सोडताल नव्हं त्यांना?"

परत येऊन मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि त्याला म्हणालो, "जा घरी." तो उठेना.

"साहेब, ही मोटार मी न्हाय काढली. पण निमगाव केतकीची मीच काढली हुती."

त्या गुन्ह्यात मी निमगावच्याच एका मोटार मेकॅनिकला अटक केली होती. चोरीच्या मोटारीतली तांब्याची तार त्याच्या दुकानात सापडली होती. ती कुणी विकली, हे तो कळवळून सांगत होता. मी ते जबाबात घेतलंच नाही. खटला अजून तारखांवर होता आणि दुकानाला कुलूप लागलं होतं.

मी चिडलो. "पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही. गप घरी जा. बायको परत आलीय ना?"

"तिला ठावं हाय समदं. दारू पिऊन वढ्यात पडलो हुतो, तवा ह्या प्रार्थनेच्या लोकांनी उचलून आणलं, न्हाऊ घातलं. येशूनं मला नवा जलम दिला, साहेब. पण त्यो मेस्त्री माझ्यापायी अडकलाय. त्याचं काय?"

तो हटेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्यानं दंडाधिकाऱ्यांपुढं जबाब द्यायचा असं ठरलं; तिथली कबुली कोर्टात चालते. त्याआधी मेकॅनिकच्या घरी न्या, असा त्यानं हट्टच धरला. तिथं तो पाया पडला, सगळं बोलला. मेकॅनिकनं त्याला उठवलं, पाणी दिलं आणि माझ्याकडं वळला. "ह्यो माफी मागाय आलाय. तुमी कशापायी आलाय, साहेब?"

"तपासाच्या कामी," मी म्हणालो.

मेकॅनिक निर्दोष सुटला. हा शिक्षा भोगून घरी आला. बायको थांबली होती. कोऱ्हाळ्याचा चोर पुढं भलताच निघाला.

भीती घातली की माणूस खरं बोलतो, असं मी नोकरीभर धरून चाललो. खरं बोलायला उलट भरवसा लागतो, सगळं सांगितल्यावरही कुणीतरी आपल्याला जवळ करील असा. त्याला तो त्या पत्र्याच्या शेडमध्ये मिळाला होता. मी ख्रिस्ती नाही, पण त्याचा मला हेवा वाटतो.

मेकॅनिकची माफी मी अजून मागितलेली नाही. एवढं लिहून झालं की निमगावची एसटी धरणार आहे.