सायकलचा खांदा

धम्मरत्न हिवाळेच्या डोक्यात सायकल शिरली ती खांबावर. मोताळ्याच्या वीज कार्यालयात तो वायरमन. एका रविवारी सकाळी राजूरजवळ तार जोडायला चढला होता, तेवढ्यात खालच्या रस्त्यानं बुलढाण्याची सायकलवाली मंडळी गेली. चेनीचा खडखडाट नाही, घंटी नाही. नुसती चाकांची भणभण, मोहोळ उठल्यासारखी. मंडळी वळणाआड गेली तरी हा पक्कड हातात धरून तिकडंच पाहत राहिलेला. खालून सोबत्यानं हाक मारली, "काऊन बे, तारीनं धरलं का तुले?"

धरलंच म्हणायचं. पुण्यातल्या कोणाची तरी वापरलेली, अॅल्युमिनियमची रोड सायकल त्यानं मागवली आणि ती रोहिणखेडात आणली, तेव्हा बसथांब्यावर माणसं भोवती गोळा झाली.

"हिले मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड बी नाही. मंग हिच्यात आहे काय?"

"नाही थेच तं आहे हिच्यात," धम्मरत्न म्हणाला.

उत्तर कोणाला पटलं नाही, पण त्याला स्वतःला फार पटलं. मग त्यानं आणखी एकेक वस्तू कमी करायचा सपाटा लावला. लोखंडी बाटलीघर काढून हलकं बसवलं. सीट काढून बिनगादीची बसवली, आणि तिच्यावर बसून आल्यावर दोन दिवस खुर्चीवर बसायला तयार नव्हता. त्याची बायको रेणुका हे सगळं पाहायची. एकदा तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर सायकलचे दोन पायडल मोजत होता, तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, थ्या पायडलीतून छटाक उतरून राह्यले तुमी. जरा पोट उतरवा. थे फुकट उतरते."

पण हौस काही पोटाकडं पाहत नाही. जेवताना फोनवर कुठल्याशा परदेशी घाटातून उतरणाऱ्या काळ्याभोर कार्बनच्या सायकली चालू असायच्या आणि ताटातलं वरण थंड व्हायचं. त्या सायकलींचे गियर म्हणे बटणावर पडतात. फ्रेम म्हणे एका बोटावर उचलते. धम्मरत्नला त्या फ्रेमची स्वप्नं पडायची, आणि स्वप्नातसुद्धा ती दुसऱ्याचीच असायची.

तशी एक सायकल बुलढाण्यात होती. रहेमतुल्लाभाईंची. लाकडाच्या वखारीचे मालक, रविवारच्या मंडळीत वयानं सगळ्यात मोठे, दाढी पांढरी, पोटऱ्या मात्र पैलवानाच्या. त्यांनी ती सायकल अशी ठेवली होती की धुवायला कधी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. धम्मरत्न त्यांच्या मागं मागं चालवायचा तो वारा अडावा म्हणून नव्हे. पुढच्या सायकलीचं मागचं चाक पाहायला मिळावं म्हणून. भाईंना ते कळत होतं.

मग त्यांचा गुडघा गेला. सायकल बंद. अकोल्याचा एक कपडेवाला लगेच घ्यायला तयार झाला. भाईंनी त्याला थांबवलं आणि धम्मरत्नला वखारीत बोलावलं. पैशाचं बोलणं दोघांत चहा संपायच्या आत जमलं. पण भाई म्हणाले, "पैसा तो सब देते है. मले पाह्यचं आहे, ही जाते कोण्या घरी. पोळ्यापर्यंत तू ने. तुझ्या घरी ठेव, चालव. पोळ्याच्या दिवशी घेऊन ये. मी पाह्यतो हिच्याकडं, मंग सांगतो. लेकीसारखी ठेवली मी."

"भाई, मी डोक्यावर ठेवीन."

"डोक्यावर नको ठेवू. चालव."

धम्मरत्ननं ती घरात, पलंगाच्या उशाशी ठेवली. रेणुकाचा पलंगाचा तो कोपरा गेला. ती म्हणाली, "सवत तरी बोलली असती बाई. ही तं बोलत बी नाही."

घरात तिसरं माणूस म्हणजे धम्मरत्नचे वडील, उत्तमराव. जन्म शेतात गेलेला. हरण्या आणि पाखऱ्या ही त्यांची शेवटची जोडी. हरण्या म्हातारा होऊन गेला, पाखऱ्या त्याच्यामागं महिनाभर दावणीला उभा राहिला आणि तोही गेला. त्यानंतर उत्तमरावांनी जोडी केली नाही. वावरात भाड्याचं ट्रॅक्टर यायला लागलं. गोठा मात्र ते रोज झाडत. घरात देव्हारा नव्हता; भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. पण पोळा आला की उत्तमरावांना चैन पडत नसे. "पोळा देवाचा नाही बापा, बैलाचा आहे," ते म्हणत. "ज्यानं वर्षभर वढलं त्याले एक दिवस जेवाले बोलावाचं, एवढंच तं आहे."

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. जू घासून घासून बैलाचा खांदा सोलवटलेला असतो. तिथं पळसाच्या पानानं तूप-हळद चोळायची, हातानं शेक द्यायचा, आणि कानात आवतन द्यायचं: आज आवतन घे, उद्या जेवाले ये. दावण रिकामी झाल्यापासून उत्तमराव त्या संध्याकाळी शेजाऱ्याच्या गोठ्यात जाऊन उभे राहत आणि काही न करता परत येत.

यंदा त्या संध्याकाळी धम्मरत्न कामावर होता. उत्तमरावांनी रेणुकाला हाक मारली. "सूनबाई, वाटीभर तूप दे. गावरान दे."

"कोणासाठी बाबा?"

"घरात एक मुकं जनावर आलं आहे. धम्याले रोज घाट चढवते. त्याले आवतन नको द्याले?"

रेणुकाला हसू आलं, पण तिनं तूप दिलं, हळद दिली. सासऱ्यांच्या अंगात पुष्कळ दिवसांनी काही करायची उभारी आलेली पाहून तिला अडवावंसं वाटलं नाही. उत्तमरावांनी सायकल अलगद गोठ्यात नेली, जिथं हरण्या उभा राहायचा तिथं टेकवली आणि खाली बसून पाहू लागले. अडचण एवढीच, की हिचा खांदा कुठं? हँडल पाहिलं, ते गुळगुळीत. सीट पाहिली, तिच्यावर माणूस बसतो, तो पाठीचा भाग झाला. मग चाकांच्या मधोमध त्यांना एकेक पातळ, चकचकीत चकती दिसली. तिच्यावर घासल्याच्या बारीक रेघा होत्या आणि दोन्ही अंगांनी काहीतरी तिला दाबून धरत होतं.

"इथं घासते बापा हिले," ते म्हणाले. "इथं दुखत असन."

आणि त्यांनी दोन्ही चकत्यांना मनापासून तूप-हळद चोळली. दिसायला घाण नको म्हणून मऊ धडप्यानं पुसून लख्ख केली. शेवटी हँडलजवळ तोंड नेऊन हळूच म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

त्या चकत्या ब्रेकच्या होत्या.

पोळ्याच्या दिवशी धम्मरत्न उजाडता निघाला. मधल्या नळीवर हळदीचं एक बोट उमटलेलं दिसलं. बाबांनी आवतन दिलेलं दिसते, असं मनात म्हणून त्यानं ते रुमालानं पुसलं. गावाबाहेर पडताना ब्रेक जरा किंचाळला, दव असेल. पुढं सपाट रस्ता. दोन्हीकडं मका डोक्याइतका वाढलेला, हवा गार. राजूर घाट तर चढच, ब्रेकला कोण विचारतो. सायकल अशी चढत होती की खालून कोणी हात लावतंय. वर पोचला तेव्हा वखार उघडायला वेळ होता. मन भरलं नव्हतं. एकदा उतरून पुन्हा चढू, मग भाईंकडं जाऊ, असं त्यानं ठरवलं आणि सायकल वळवली.

पहिल्या वळणावर ब्रेक दाबला. सायकल मोरासारखी ओरडली आणि तशीच पळत राहिली. दोन्ही ब्रेक मुठी आवळून दाबले. वेग थोडा मोडला, पण थांबायचं नाव नाही. तेव्हा त्याच्या नाकात वास आला. तापलेल्या तुपाचा. घाटाच्या मधोमध, वाऱ्यात, पुरणपोळीच्या तव्यासारखा वास. त्या वासाबरोबर त्याला सगळं कळलं.

पुढच्या वळणाखाली एक शेतकरी शिंगं रंगवलेली जोडी घेऊन रस्त्याच्या मधोमध चालला होता. डाव्या हाताला दरी. उजव्या हाताला डोंगराच्या कडेनं मुरमाचा ढीग टाकलेला. धम्मरत्ननं हँडल ढिगाकडं वळवलं. पुढचं चाक मुरमात रुतलं, तो उडाला, आणि उडता उडता त्यानं जे केलं ते फक्त सायकलवालाच करतो: खाली स्वतः पडला आणि सायकल अंगावर घेतली.

शेतकरी धावत आला. "लागलं का बावा?"

"नाही, फ्रेम शाबूत आहे," धम्मरत्न म्हणाला. कोपरातून रक्त गळत होतं.

शेतकऱ्यानं त्याला पाणी पाजलं आणि उठवून उभं केलं. नंतर धम्मरत्न सायकल हातात धरून घाट चढायला लागला. पायडलीत अडकवायच्या, तळाला लोखंडी क्लिप असलेल्या बुटांनी चालणं म्हणजे नाल ठोकलेल्या पायांनी फरशीवर चालणं. प्रत्येक टक्‌ टक्‌ला त्याचा राग वाढत गेला. आयुष्यात एक वस्तू मागितली, ती दारात आली, आणि आपल्याच घरानं तिला तूप लावलं. घरी जाऊन म्हाताऱ्याला काय काय बोलायचं ते त्यानं सगळं जुळवून ठेवलं. भाईंना तर काय दाखवणार? हँडलची पट्टी फाटलेली, गियरच्या एका बटणाला ओरखडा.

वखारीच्या मागंच भाईंचं घर. रहेमतुल्लाभाई ओट्यावर बसले होते. त्यांनी आधी धम्मरत्नकडं पाहिलं, मग सायकलीकडं.

"भाई, अकोलेवाल्याले देऊन टाका," धम्मरत्न दारातूनच म्हणाला. "माह्या घरी हिचं नाही जमत. आमच्या बाबानं हिची खांदशेकणी केली."

"क्या किया?"

"ब्रेकले तूप-हळद लावली. हिचा खांदा तिथं आहे म्हणे."

भाईंनी पुढं वाकून चकतीवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग दुसऱ्या चकतीवरही फिरवून पुन्हा हुंगलं. धम्मरत्नला वाटलं, संपलं.

"घी तो असली है," भाई म्हणाले, आणि मग त्यांचं पोट हलायला लागलं. हसता हसता त्यांनी आत हाक मारली, "नसीमा, बाहेर ये. पाह्य तुझी सवत तूप खाऊन आली."

नसीमाभाभी आल्या. त्यांनी सायकलकडं न पाहता आधी कोपर पाहिलं आणि आतून हळदीची वाटी आणली. "सायकल को हल्दी, और इसके वास्ते कुछ नहीं," असं पुटपुटत त्यांनी जखम धुऊन हळद दाबली. "मैंने तो इसको कभी घर के अंदर नहीं आने दिया. वखारीत झोपायची ती, लाकडाच्या भुशात."

भाईंचं हसू ओसरलं होतं. "माझा बाप बैलगाडीनं लाकूड आणायचा घाट उतरून," ते म्हणाले. "पोळ्याच्या आदल्या दिवशी थो बी खांदा शेकायचा. मी लहान होतो, वाटी धरायचो. इतकी वर्षं मी ही चालवली, साफ केली, ऑइल दिलं. पण हिले जेवाले कोणी बोलावलं नव्हतं." त्यांनी धम्मरत्नच्या पाठीवर हात ठेवला. "तू बापावर भडकलेला दिसतं. वाचला ना? मंग भडकू नको. मी घर पाह्यतो म्हटलं होतं. पाह्यलं."

"म्हंजे?"

"म्हंजे आवतन दिलं आहे, तं वेळेवर ने तिले. पाहुणा उशिरा गेला तं पोळ्या थंड होतात."

दोघांनी मिळून चाकं काढली. चकत्या स्पिरिटनं पुन्हापुन्हा धुतल्या, तूप प्यायलेले ब्रेकपॅड फेकून भाईंच्या डब्यातले नवे बसवले. भाईंनी स्वतः गल्लीत ब्रेक दाबून पाहिला, गुडघा दुखत असताना. धम्मरत्ननं आभार मानायचा प्रयत्न केला, तर भाई म्हणाले, "तुझ्या बापाले सलाम सांग. अन् पुरणपोळी पाठव."

घाट उतरताना ब्रेक दाबला की सायकल शहाण्या बैलासारखी थांबत होती. तो ढीग आला, मोडलेला. धम्मरत्न तिथं थांबला. जुळवून ठेवलेलं बोलणं त्यानं आठवून पाहिलं; त्यातलं बोलावंसं काहीच राहिलं नव्हतं. आपण आहोत, ही आहे, घरी वाट पाहणारं माणूस आहे. आणखी काय मागायचं, असं त्याला उन्हात उभ्या उभ्या वाटलं.

रोहिणखेडच्या जुन्या मशिदीवरून तो गावात शिरला, तेव्हा गल्लीगल्लीतून झुली घातलेले बैल चालले होते. उत्तमराव दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. जेवले नव्हते. ज्याला आवतन दिलं तो आल्याशिवाय यजमान जेवत नाही. रेणुका त्यांच्यामागं ताट घेऊन.

उत्तमरावांनी दोन्ही चाकांवर पाणी घातलं. मग खाली वाकून चकती पाहिली.

"हळद पुसली काऊन रे?"

रेणुकानं नवऱ्याकडं पाहिलं. त्याच्या सदऱ्याची बाही फाटलेली तिला दिसली होती.

"घाट चढली बाबा. घाम आला तिले."

"येतेच नव्या जनावराले." मग त्यांची नजर कोपराकडं गेली. "अन् तुही कोणं केली खांदशेकणी?"

"नसीमाभाभीनं. भाईनं तुमाले सलाम सांगतला. सायकल आपली झाली."

उत्तमराव ताटाकडं वळले. पुरणपोळीचा तुकडा त्यांनी हँडलला टेकवला, क्षणभर धरला, मग तो धम्मरत्नच्या तोंडात घातला. "तिले दात नाही," ते म्हणाले. "तिच्या वाट्याचं तूच खा."

नसीमाभाभींसाठी डबा दुसऱ्या दिवशी गेला. रेणुकाला खरं काय झालं ते कळलं. उत्तमरावांना कधीच कळलं नाही.

आता दर पोळ्याच्या आदल्या दिवशी धम्मरत्न कामावरून लवकर येतो. दोन्ही चाकं काढतो, घरात नेऊन पलंगाखाली सारतो, आणि बिनचाकाची काळी फ्रेम एका बोटावर उचलून हरण्याच्या जागी नेऊन ठेवतो.

"चाकं कुठं गेली बे?" उत्तमराव विचारतात.

"धुवाले काढली बाबा. तुमी खांदा शेका." आणि सीटच्या खालचा भाग दाखवत तो म्हणतो, "इथं घासते तिले."

मग तो उकिडवा बसतो, आणि म्हाताऱ्याची बोटं पळसाच्या पानानं तूप लावत असताना वाटी धरून ठेवतो.