पानी हाय

बायकोला वाटतं, माझं सगळं तिला ठाऊक आहे. हे नाही ठाऊक. आजवर कुणापाशी बोललो नाही, आणि आता तुमच्यापाशी बोलतोय ते — खरं सांगू? — वैताग आला म्हणून. काल लिफ्टमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरी मॅडम परत म्हणाल्या, "सर, समर कॅम्पच्या मुलांना सांगा ना, स्टेजची भीती कशी घालवलीत."

कशी घालवली! आरशासमोर प्रॅक्टिस करा, मोठा श्वास घ्या, मागच्या भिंतीकडे बघा — हे मी इतक्यांदा सांगितलंय की कधी कधी मलाच खरं वाटतं. सगळ्या थापा आहेत. श्वास घेऊन कुणाचे हात थांबलेत?

हात — माझं दुखणं तेच. मी वाशीला ऑफिसात बसणारा माणूस, जादूचे प्रयोग हा नुसता छंद. घरात बोटं झकास चालायची. पण कामोठ्याला आमच्या सोसायटीच्या गणपतीत पहिल्यांदा उभा राहिलो आणि हात असे कापले, की गायब व्हायचं नाणं टणकन पडलं ते घरंगळत पहिल्या रांगेत. एका काकूंनी उचलून आणून दिलं. "घ्या हो, पडलं तुमचं." आता यावर माणसाने काय बोलावं? पुढे वर्षभर जिन्यात जो भेटेल तो विचारायचा, नाणं सापडलं का म्हणून.

हात फक्त एका माणसासमोर कधी कापले नाहीत. माझा थोरला भाऊ, दादा. घणसोली गावात आमच्या मागच्या खोलीत, मी शाळेत होतो तेव्हापासून तोच माझा प्रेक्षक. नाणं कुठल्या बोटांत लपलंय ते त्याला दिसायचं, नक्की दिसायचं. तरी म्हणायचा, "परत कर रं." मी कॉलेजात गेलो आणि आईची बोली तोंडातून घासून घासून काढली. दादाने नाही काढली. त्याने का काढावी?

तर पुढच्या गणपतीत दादा दर्शनाला आला आणि पहिल्या रांगेत बसला. मी पाण्याचा प्रयोग ठेवला होता — ग्लासातलं पाणी कागदाच्या सुरळीत ओतायचं आणि कागद कोरडाच दाखवायचा. ग्लास उचलला नाही तोच पाणी हिंदकळायला लागलं. मागून कुणीतरी "नाणं सांभाळा" म्हणालंच. मी घाबरून दादाला वर बोलावलं. तो शेजारी असला की धीर येईल, एवढंच मनात होतं. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं.

मी माइक त्याच्यापुढे धरला आणि विचारलं, ग्लासात काय आहे?

"पानी हाय," दादा म्हणाला.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. आणि मी — मी ते माइकवर परत म्हटलं. त्याच्याच सुरात, मानही तशीच हलवून. पानी हाय. अख्खा मंडप हसला. सगळे दादाकडे बघत होते, माझ्या हातांकडे एकही जण नाही. आणि हात थांबले. कळतंय ना तुम्हाला? तिथल्या तिथे थांबले. मग मी त्याला मुद्दाम आणखी बोलतं केलं, दर वेळी नक्कल केली, आणि प्रयोग मस्त झाला. दादाही हसत होता, सगळ्यांबरोबर. मग खाली उतरला आणि प्रसाद घेऊन घरी गेला.

एकदाच झालं असतं तर तोंडातून निघून गेलं म्हणता आलं असतं. पण पुढच्या वर्षी मी त्याला फोन करून बोलावलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. "दादा, तू असलास की मला धीर येतो." तो हातातलं काम टाकून यायचा, इस्त्रीचा शर्ट घालून. मी त्याला कशासाठी बोलावतोय ते मला पक्कं माहीत होतं — त्याला होतं का? एका वर्षी म्हणाला, "काम हाय, नाय जमाचा." तोवर माझे हात त्याच्याशिवायही कापेनासे झाले होते. तो येत नाही म्हटल्यावर मला बरंच वाटलं. हो, बरं वाटलं.

परवा त्याच्या मुलीची हळद झाली, गावातच. आमच्याकडे हळदीला सगळ्या आळीला जेवायला हाक मारायची ती दादानेच, तीही माइकशिवाय — त्याचा आवाज पार खाडीपर्यंत जायचा. आणि आता तर मुलीचा बाप. पोरांनी डीजे थांबवला, माइक त्याच्या हातात दिला, म्हणाले, काका, दोन शब्द बोला. समोर पुतणीच्या ऑफिसातली माणसं खुर्च्यांवर बसलेली. दादा उभाच. माइक धरलेला त्याचा हात कापत होता. कापणारा हात मला लांबूनही कळतो.

तो गर्दीतून माझ्याजवळ आला आणि कानाशी लागला.

"तूच बोल. मी बोललो का मान्सा हसतान."

मी माइक घेतला. पाहुण्यांचं स्वागत केलं, शुद्ध मराठीत. हात जरासुद्धा कापला नाही.