फिल्मचा वरचा काठ

कोल्हापुरात एमआरआय नवीन होता, तेव्हा आमचा टेक्निशियन मशीनपेक्षा मोठ्यानं बोलायचा. आत घेण्याआधी प्रत्येकाला विचारायचा, “पावणं, आडवं झाल्यावर दुखणं उतरतंय का वाढतंय?”

गडहिंग्लजचे एक मास्तर म्हणाले, “वाढतंय की. बसूनच झोपतोय मी.” त्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत फक्त कंबर लिहिली होती. टेक्निशियननं आपल्या मनानं दोन मणके वरपर्यंत फिल्म काढली.

मी खालच्या मणक्यांमधल्या झिजलेल्या चकत्या बघून ‘वयोमानानुसार’ असा रिपोर्ट लिहायला घेतला. त्यानं फिल्मच्या वरच्या काठावर बोट ठेवलं. “साहेब, चकतीचं दुखणं निजलं की उतरतंय. ह्यांचं न्हाय उतरत.” तिथं वाटाण्याएवढी गाठ होती.

ऑपरेशननं ती गाठ काढली, मास्तर आता आडवे झोपतात. रिपोर्टवर सही माझी आहे. पण नव्या डॉक्टरांना ती फिल्म दाखवताना बोट कुणाचं होतं, ते मी आधी सांगतो.