कंडक्टरमामांचं अनुष्ठान

कंडक्टरमामा महामृत्युंजय मंत्राचा जप तिकिटाच्या पंचने करायचे. लोकांकडे रुद्राक्षाची माळ असते, हल्ली बोटात घालायचं बटणाचं यंत्रही मिळतं. पण मामांनी एसटीत बत्तीस वर्षं काढलेली. त्यांचा हात दुसऱ्या कशावर चालतच नसे. एक मंत्र झाला की कागदाच्या पट्टीला एक भोक. एकशे आठ भोकं झाली की पट्टी संपली, दुसरी घ्यायची. निवृत्त होताना हा पंच जमा करायचा असतो. तो मामांकडे कसा राहिला, हे मी विचारलं नाही. देवाच्या कामात चौकशी करू नये म्हणतात.

आमची घरं धारूरला एकाच बोळात, समोरासमोर. मी सरकारी दवाखान्यात नर्स, म्हणून सगळा बोळ मला शिष्टर म्हणतो. रागावला की माझा नवरासुद्धा. सकाळी सहाला मी अंगणात दात घासायला उभी राहिले की समोरून आवाज सुरू व्हायचा. ‘त्र्यंबकं यजामहे’ एवढं अगदी ठणठणीत, स्टँडवर ‘तेलगाव, वडवणी, बीड’ ओरडावं तसं. त्यानंतरचं सगळं मात्र ब्रेक नसलेली गाडी घाट उतरते तसं. शेवटी टक्. भोक.

एकदा मी विचारलं, “मामा, याचा अर्थ काय हो?”

“अर्थ घिऊन काय करायचं, शिष्टर? तिकिटावर काय छापलंय ते कधी वाचलंय का तुमी? गाडी पोचली ना गावाला? मग झालं!”

मी खरोखरच कधी तिकीट वाचलं नव्हतं.

माणूस हुकूमशहा होता. लग्नाच्या पंगतीत उभे राहून “सरका, सरका फुडं, आजून दोघं बसतेत” म्हणत आणि आठ जणांच्या जागेत अकरा बसवत. कपिलधारला गेलो तर दर्शनाची रांगही त्यांनीच ताब्यात घेतली. पण मी नोकरीत नवीन होते, रोज तेलगावला जायचे, तेव्हा माझ्यासाठी सकाळची गाडी दोन मिनिटं थांबवायचेही तेच. त्या दोन मिनिटांचं आठवडाभर ऐकवायचे, ते वेगळं.

त्यांची बायको, कौसामामी, यांच्या नेमकी उलट. कमी बोलायची आणि बोलली की समोरच्याला पाणी मागू द्यायची नाही. तिला शुगर होती. नव्या चपलेने अंगठ्याला फोड आला, फोड फुटला आणि अंगठा काळा पडायला लागला. मी पाहिलं आणि सांगितलं, “मामा, आजच बीडला मोठ्या दवाखान्यात न्या. उद्या नाही, आज.”

मामांनी ऐकलं. त्यांनी नेमकं त्याच दिवशी गावात सप्ताहाला आलेल्या एका महाराजांचंही ऐकलं. महाराजांनी याच मंत्राचा सव्वा लाख जप सांगितला. एकेचाळीस दिवस, एकच आसन, आणि पुरा होईपर्यंत नवरा-बायकोने गावाची वेस ओलांडायची नाही. माझ्याकडे सांगायला एकच वाक्य होतं, महाराजांकडे नियमावली होती. मामा नोकरीभर नियमावलीवर जगलेले. त्यांनी हातात पाणी घेऊन संकल्प सोडला. पाय मामीचा, संकल्प यांचा.

सव्वा लाख एका माणसाला झेपेना, म्हणून पुण्याच्या मुलाने, संतोषने, मोबाइलवर ‘आईसाठी जप’ असा ग्रुप काढला. नातेवाइकांना कोटा वाटून दिला. जन्मात कधी मामीची विचारपूस न केलेली माणसं रोज संध्याकाळी आकडे टाकू लागली. सूनबाई स्वयंपाक करताना स्पीकरवर मंत्र लावून ठेवायची आणि स्पीकरने म्हटलेले आपल्या नावावर धरायची. एका पुतण्याने तासाभरात अकराशे टाकले. मामांनी त्याला लगेच फोन लावला.

“तासाला अकराशे? आरं, मी पंच घिऊन बसलोय, माझं तीनशेच्या वर जाईना. तू बिगरतिकिटाचा हायस. उतर खाली!”

आणि त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. देवाला फसवलेलं चालेल, चेकरला नाही.

मी रोज संध्याकाळी ड्रेसिंगला जायचे. मामांच्या आसनाभोवती कागदाच्या बारीक गोल टिकल्यांचा सडा पडलेला असायचा. तो मामी लंगडत लंगडत झाडायची.

“शिष्टर, पायापरीस ह्या टिकल्यांनीच जीव खाल्लाय.”

“मामी, तुम्हीच चला ना माझ्याबरोबर. मी रजा टाकते.”

“आन ह्यांचं मोडलं म्हंजी? मरंस्तोवर मलाच ऐकवतेल, तुझ्यापाई मोडलं म्हनून. पाय गेलेला परवडला.”

मामांना मी रोज सांगत होते की पाय जाईल. ते रोज मान हलवत होते. “थोडंच ऱ्हायलंय, शिष्टर. मदीच उतरलं तर समदं वाया.” जखमेला वास सुटला होता. त्यावर त्यांनी उदबत्त्या वाढवल्या.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी गेले तर मामीला सणसणून ताप होता आणि काळं अंगठ्यावरून पावलापर्यंत चढलं होतं. मामा आसनावर. टक्. टक्. माझं डोकं फिरलं. मला ओरडायचं होतं, पण एकोणीस दिवस ओरडून पाहिलं होतं. चौरंगावर त्यांची पोथी होती. मंत्राखाली बारीक टायपात मराठी अर्थ छापला होता. मी पोथी उचलली आणि मोठ्याने वाचलं, “पिकलेली काकडी जशी देठापासून अलगद सुटते, तसं सोडव.”

पंच थांबला. “सोडव म्हंजी?”

मी काही बोलायच्या आत आतून मामीचा आवाज आला. “म्हंजी काय म्हंजी? गळून पडू द्या! एकोनीस दिस झाले, ‘ह्या बाईला देठापासून सोडा’ म्हनून हे देवाच्या मागं लागलेत. आवो, मी काय शेंदाड हाय का, पिकून खाली पडाया?”

“शिष्टर,” मामांचा आवाज एकदम खाली आला, “मी... ह्येच म्हनायलतो?”

“रोज पंधराशे वेळा,” मी म्हटलं.

ते उठले. संकल्प मोडताना काही विधी असतो म्हणे, क्षमा मागायची असते. त्यांनी फक्त मामीची पिशवी शोधली. “नऊची बीड हाय. चला.” मामीला मी एका बाजूने धरलं, त्यांनी दुसऱ्या बाजूने. वेशीपाशी त्यांचा पाय किंचित अडखळला. मामी म्हणाली, “आवो, सरका फुडं.” ते सरकले.

आता खरं सांगते. पोथीतलं वाक्य मी अर्धंच वाचलं होतं. मरणाच्या बंधनातून सोडव, अमृतापासून मात्र सोडवू नकोस, असं ते पुरं वाक्य होतं. म्हणजे मामा मागत होते ते काही वाईट नव्हतं, उलट फार शहाणपणाचं होतं. पण पुरं वाक्य वाचलं असतं तर ते आणखी बावीस दिवस बसले असते.

बीडला मामीचं पुढचं अर्धं पाऊल काढलं. डॉक्टर तरुण होते, स्पष्ट बोलले, “पंधरा दिवस आधी आणलं असतं तर अंगठ्यावर भागलं असतं.” मामा हात जोडून उभे होते. ते हात बराच वेळ तसेच राहिले, डॉक्टर निघून गेल्यावरही.

दोन दिवसांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात मी त्यांना चहा आणून दिला आणि कबूल केलं, “मामा, त्या दिवशी मी वाक्य अर्धं वाचलं.”

“ठावं हाय.” त्यांनी चहा फुंकला. “निघताना पोथी पिशवीत टाकलती. गाडीत बसल्यावर म्या उरलेलं वाचलं.”

“मग तेलगावला उतरून परत का फिरला नाहीत?”

“मंत्र चांगलाय, शिष्टर. त्येच्यात खोट न्हाई. खोट माझ्यात हाय. देवाला सांगून मोकळा झालो, आन तिला इचारलंच न्हाई. बत्तीस वर्सं मानसाला इचारल्याबिगर तिकीट फाडलं न्हाई म्या, कुटं जायचं म्हनून.” मग कप खाली ठेवून म्हणाले, “कौसा खिडकीपाशी बसलती. लई दिसांनी भाईर बघायलती. कसा फिरू?”

घरी आल्यावर मामांनी जप सोडला नाही, पण त्याची जागा बदलली. मी सांगितलं होतं, पाय धुताना घाई करायची नाही, निदान दोन मिनिटं. घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. ते मामीचा पाय परातीत घेऊन अकरा मंत्र म्हणायचे, घाटाच्या वेगाने नाही, एकेक शब्द सुटा. मग पाय पुसायचे, बोटांच्या बेचक्यासुद्धा, म्हणजे दुसऱ्या पायाच्या. मामी म्हणायची, “रुद्राभिषेक झाला असंल तर पाय द्या माझा.” याशिवाय बोळात कुणाच्या पायाला काही झालेलं दिसलं की मामा त्याला दंडाला धरून माझ्या ओपीडीत आणून उभं करत. न विचारता. तेवढी जुनी सवय गेली नव्हती.

मागच्या वर्षी कार्तिकात ते गेले. झटका आला आणि दवाखान्याच्या रांगेतच, दुसऱ्या कुणाला तरी पुढे ढकलताना बसले ते उठले नाहीत. मी तिथेच होते. जे करायचं ते सगळं केलं. उपयोग झाला नाही.

भेटायला येणाऱ्या बायांपैकी प्रत्येकीला कारण माहीत होतं. शेवटी एकीने ते पदर तोंडाशी नेऊन सांगितलंच. “मामी, वाईट वाटून घिऊ नगा. पर ते अनुष्ठान अर्ध्यात सोडलं, त्येच भोवलं बगा मामांना. पुरं केलं असतं तर आज हितं बसले असते.”

मामी भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. रडून डोळे सुजले होते. तिने बाईकडे नीट पाहिलं.

“पुरं केलं असतं तर तुमी दोन वर्सामागंच माझ्या तेराव्याला बुंदी खाऊन गेला असता,” ती म्हणाली. “च्या घ्या. गार व्हायलाय.”