बोटीनं आलेलं लाटणं

मिनेसोटातल्या त्या लहानशा गावात चौथीला समाजशास्त्र शिकवणाऱ्या मार्लिस टोरविकला अभिमान वाटण्याजोगी एकच गोष्ट होती, आणि ती दरवर्षी वर्गात आणून दाखवायची: पणजी गुनहिल्डचं लाटणं. लेफ्सा, म्हणजे नॉर्वेकडची बटाट्याची पातळ पोळी लाटायचं, अंगभर खाचा असलेलं. 'नॉर्वेहून बोटीनं आलंय,' म्हणताना ती हटकून रुमाल काढायची. बाई नेमक्या कुठल्या वाक्याला रडतात, हे आधीच्या वर्षीची मुलं पुढच्यांना सांगून ठेवत. तिला ते ठाऊक होतं. तरी ती त्याच वाक्याला रडायची.

यंदा तर गावच्या संग्रहालयानं ते लाटणं काचेच्या कपाटात ठेवायचं कबूल केलं होतं. शनिवारी उद्घाटन, खाली पणजीचं नाव. त्या गावात आनंद दिसू देणं म्हणजे शेखी मिरवणं, म्हणून मार्लिस आठवडाभर आरशासमोर 'त्यात काय एवढं' असा चेहरा करून बघत होती.

पण त्याच महिन्यात तिनं मुलांना अस्सल साधनं तपासायला शिकवलं होतं. पुस्तकातलं वाक्य असो, जुना फोटो असो की वस्तू, आधी विचारायचं: हे कुणी केलं, कधी केलं, आणि तुम्हाला कसं कळलं? तसा तक्ताही तिनंच रंगवून भिंतीवर लावला होता. स्वतःच्या पायावर इतक्या सुबक अक्षरात कुणी धोंडा पाडून घेतला नसेल.

इक्रान नावाच्या मुलीनं लाटणं हातात घेतलं, मुठीच्या टोकावरचं वाळकं पीठ नखानं खरवडलं आणि म्हणाली, "बाई, इथे लुंड हार्डवेअर लिहिलंय. खाली फोन नंबर आहे."

"बोटीत फोन होता?" मागून कुणीतरी विचारलं.

लुंडचं दुकान शाळेच्या समोरच होतं. खिडकीतून पाटी दिसत होती.

"मूठ नंतर बदलली असेल," मार्लिस म्हणाली.

इक्राननं तक्त्याकडे बोट केलं. "तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या आईनं सांगितलं."

"त्या आहेत ना? मग त्यांनाच विचारू या."

आता माघार घेण्याची सोय नव्हती. मार्लिसनं आईला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि लाटण्याचं विचारलं.

"ते? लुंडकडचंच ते," अर्डिसआजी म्हणाल्या. "तू तिसरीत होतीस. बाईंनी घरातली जुनी वस्तू आणायला सांगितली, आणि आपल्याकडे जुनं काहीच नव्हतं. म्हटलं, बोटीनं आलंय म्हणून सांग."

"आई, मी इतकी वर्षं हे मुलांना सांगत्येय. रडून."

"ऐकलंय मी. बरं रडतेस."

वर्ग खिदळला. मार्लिसला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं.

"आजी, मग पणजींनी खरंच काय आणलं होतं?" इक्राननं विचारलं.



"काही नाही गं. पेटी बंदरातच चोरीला गेली. जन्मभर ती शेजारणीकडून लाटणं मागून आणायची. तिची पणती शाळेतसुद्धा रिकाम्या हातानं जावी, हे मला बघवलं नसतं."

मार्लिस रडली. या वाक्याला ती रडेल, हे कुणीच कुणाला सांगून ठेवलेलं नव्हतं.

शनिवारी कपाटात लाटणं होतंच. खालची चिठ्ठी मुलांनी लिहिली होती: 'लुंडच्या दुकानातलं लाटणं. गुनहिल्डनं हे आणलं नाही. तिच्याकडे लाटणं नव्हतं. कसं कळलं: तिच्या नातीला फोन केला.'