काकांना सगळं माहीत

फरशीवाल्याची तीस वर्षं लोकांच्या घरांत गुडघ्यांवर गेली होती. सुट्टी काढून शहर बघत फिरणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. तो आला होता एकच गोष्ट विचारायला. मुलगी तीन वर्षं इथे मावशीकडे राहून शिकली, परीक्षाही संपली. आता ती घरी येणार की नाही? फोनवर विचारलं की म्हणायची, "बाबा, तुम्ही या तर खरं, मग बोलू."

तो आला, तर बोलणं राहिलं बाजूला आणि साडूने शहर दाखवायला काढलं. मावशीला कामावर जायचं होतं, म्हणून हे तिघंच निघाले. साडू कार्यालयात बसून काम करणारा, कडक इस्त्रीतला माणूस. मनोऱ्याला पायऱ्या किती, नदीवरचा पूल कधी बांधला, कुठल्या खिडकीवर रांग लहान असते, सगळं तोंडपाठ. "काकांना सगळं माहीत असतं," मुलगी कौतुकाने म्हणाली आणि बापाला ते मिरचीसारखं झोंबलं. मनोऱ्याच्या पायऱ्या त्याने स्वतः मोजल्या. दोन कमी भरल्या! पण साडू म्हणाला, "खालच्या दोन धरल्या नसतील तुम्ही," आणि खरंच त्याने त्या धरल्या नव्हत्या.

नावेतून फिरून आल्यावर कॉफी घेतली. बापाने सवयीने मुलीच्या कपात दोन चमचे साखर घातली, ढवळलीसुद्धा. साडूने हळूच आपला कप तिच्याकडे सरकवला आणि तिचा स्वतःकडे ओढला.

"दोन वर्षं झाली, बिनसाखरेची घेते ती."

त्यात टोमणा नव्हता, म्हणून तर जास्त लागलं. माझ्या पोरीच्या कपात काय असतं, ते आता मी याच्याकडून ऐकायचं! सरळ सांगायचं तर फरशीवाला जळत होता, आणि आपण जळतोय हे त्याला कळतही होतं.

वस्तुसंग्रहालयात शिरल्यावर मात्र त्याला जरा बरं वाटलं. सगळे माना वर करून छत बघत होते, हा खाली बघत होता. काळ्या-पांढऱ्या दगडाची फरशी, सांधे केसाएवढे. एका जागी पाऊल पडलं आणि आवाज वेगळा आला. तो तिथल्या तिथे गुडघ्यांवर बसला आणि बोटाच्या पेराने ठोकू लागला.

"पोकळ आहे!" तो आनंदाने ओरडला. "खाली माल भरलेलाच नाही! विचार तुझ्या काकांना, हे माहीत होतं का!"

सगळं दालन वळून बघायला लागलं. पहारेकरी धावत आला. मुलगी लांबच्या चित्राखालची पाटी वाचत राहिली; वळली नाही. पुढे आला तो साडूच. "माझे साडू आहेत. कामातले जाणकार आहेत, साहेब," असं म्हणून त्याने हाताला धरून त्याला उठवलं. ज्याच्यावर दात खायचे, त्यानेच अब्रू वाचवावी, याहून वाईट काय असतं?

बाहेर आल्यावर साडू पाणी आणायला गेला. फरशीवाल्याने पायरीवर बसूनच विचारलं, "येणार आहेस का घरी?"

"नोकरी लागलीय, बाबा. इथेच."

"काकांना माहीत आहे?"

तिने मान खाली घातली. "मागच्या महिन्यापासून."

"म्हणजे बाप शेवटी!"

"काकांना सांगणं सोपं होतं," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "ते नको म्हणाले असते तरी मी राहिले असते. तुम्ही नुसतं 'चल' म्हणालात तरी मी येईन. म्हणून सांगवत नव्हतं."

फरशीवाल्याच्या जिभेवर तो शब्द आलेलाच होता. एवढासा शब्द. त्याने तो कसाबसा गिळला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला.

साडू बाटल्या घेऊन आला, तेव्हा फरशीवाला छाती काढून म्हणाला, "ऐकलंत का? पोरीला नोकरी लागली. इथेच राहायचं ठरवलंय आम्ही."

साडूने मुलीकडे बघितलंही नाही. डोळे मोठे करून तो म्हणाला, "काय सांगता! आणि मला पत्ताच नाही!"

फरशीवाल्याला दिवसभरात आला नव्हता इतका त्याचा राग आला. या माणसाला खोटंसुद्धा किती चांगलं बोलता येत होतं!